पिलांवरची मरळ

मंगळवार, १८ फेब्रुवारी १९८६
ऊन फार. पेरूला दोनदा पाणी घातलं. तळ्यावर नगरपालिकेची माणसं होड्या घेऊन आली आहेत. कमळं आणि जलपर्णी उपटून काठावर ढीग लावले, दुपारपासून वास सुटला आहे. सेमाहची पट्टी बदलली. पायाची करंगळी काळी पडली आहे. तिने विचारलं, ‘काळी आहे का गं?’ मी म्हटलं, जरा गडद आहे. पाक उदा आज रिकाम्या हातांनी परत आले. त्यांना असं येताना मी प्रथमच पाहिलं. रात्री डाळभात. मेणबत्त्या आणायच्या राहिल्या.

पाक उदांचं खरं नाव जिदिन. पण ते नाव पोस्टमन आणि सरकारी दवाखाना यांच्याच उपयोगाचं. बाकी सगळी गल्ली त्यांना पाक उदा आणि त्यांच्या बायकोला, सेमाहला, माक उदा म्हणायची, काका-काकू म्हणावं तसं. गल्लीच्या एका टोकाला त्यांचं लाकडी घर, त्याला लागून आग्नेसचं. आग्नेस म्हणजे कॉन्व्हेंट शाळेच्या ऑफिसात जन्म घालवलेली विधवा बाई; वरची रोजनिशी तिचीच. तिला सगळे ‘मिस्सी’ म्हणत, आणि गल्लीतला एकुलता एक टेलिफोन तिच्याकडे होता. दोन्ही घरांच्या मागे तारेचं कुंपण, कुंपणाला पडलेलं भगदाड, आणि भगदाडापलीकडे तळं.

मुळात ते तळं नव्हतंच. किंता खोऱ्यात अशी तळी गावोगाव आहेत, आणि सगळ्यांची जन्मकथा एकच. ती कथलाची खाण होती. विशीतले पाक उदा त्या खड्ड्याच्या तळाशी उभे राहून पाण्याच्या जाड नळाने मातीची भिंत फोडायचे. भिंत चिखल होऊन खाली यायची, पंप तो चिखल वर ओढायचा आणि खांबांवर उभ्या केलेल्या लांबलचक लाकडी पन्हाळीत सोडायचा. माती वाहून जायची, कथील खाली बसायचं. एके दिवशी भिंत नको तिथून फुटली. नळ उलटा फिरला आणि पाक उदांची पोटरी हाडापर्यंत उघडी पडली. त्यांच्या आईने त्यांना दवाखान्यात नेलं नाही. ओढ्यातली मरळ आणायची, आलं आणि काळी मिरी घालून पाण्यात शिजवायची, तेलाचा थेंब नाही, आणि ते पाणी सकाळ-संध्याकाळ पाजायचं. पोटरी भरून आली. तिथे वाटीएवढा खळगा राहिला, तो मात्र पाक उदा कुणालाही दाखवायचे. लुंगीसारखा सारोंग वर करून, मशिदीच्या पायरीवरसुद्धा.

पुढे कथील संपलं. पंप थांबले त्या दिवसापासून खड्ड्यात पाणी चढायला लागलं, आणि चढलं ते राहिलंच. पन्हाळीचा खालचा अर्धा भाग त्यात बुडाला. मग कधीतरी नगरपालिकेला जाग आली. गवत लावलं, बाकं टाकली, लाल छपराचा मंडप बांधला, ‘पोहू नये’ अशी चार भाषांत पाटी लावली आणि बाग म्हणून उघडली. संध्याकाळी लोक फिरायला येत, शेंगदाणे खात. काठापासून थोडं आत गुडघाभर पाणी, अजून थोडं आत मांडीभर, आणि त्यापुढचं पाऊल सरळ खाणीत. कुठल्या ठिकाणी ते पाऊल येतं हे गावात आता पाक उदांनाच ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर काम केलेले बाकीचे कबरीत होते.

म्हातारपणी त्यांना एकच काम उरलं, मरळ धरायची. बांबूची लांब काठी, जाड दोरा, एक गळ आणि गळाला पाठीतून अडकवलेला जिवंत बेडूक. बेडूक कमळाच्या पानांवरून टुणटुण नाचवत न्यायचा. मरळ पानांखालून बघत असते. मग पाणी फाटतं, ‘पॉक’ असा आवाज होतो, आणि बेडूक नसतो. त्या वेळी ओढायचं नाही. तिने गिळेपर्यंत थांबायचं. हे थांबणं पाक उदांना जमायचं तसं कुणालाच नाही.

पलीकडच्या बाकावर आह लेक बसायचा. त्याचं कॉफीचं दुकान मुलाने ताब्यात घेतलं होतं आणि तो पावाच्या गोळ्या लावून चिलापी पकडायचा, थर्मास शेजारी ठेवून.

‘काय पाक उदा, बेडकाला नाच शिकवताय?’

‘तू पाव टाक. कोंबड्यांना टाकतात तसा.’

‘माझी चिलापी तळून खाता येते. तुमची मरळ म्हणजे औषध. औषध कोण चवीनं खातं?’

‘आजारी पडशील तेव्हा माझ्याच दारात येशील.’

आणि लोक खरोखर येत. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाची सून बाळंत झाली, की पाक उदांकडे निरोप. मंडईत हौदांत पोसलेली मरळ मिळायची, पण ती गोळ्या खाऊन फुगलेली. तिच्यात काही अर्थ नाही असं पाक उदा सांगत आणि सगळ्यांना ते पटे. आग्नेसचं पित्ताशय काढलं तेव्हा तिनेही हीच मरळ खाल्ली होती.

फक्त एक मरळ पाक उदा घेत नसत. पिलं झाली की मरळीचा नर त्यांच्यावर राखण करतो. पिलांचा तांबडा थवा श्वास घ्यायला वर येतो तेव्हा पाणी भात उकळल्यासारखं रटरटतं, आणि त्याच्या बरोबर खाली, हातभर खोलीवर, बाप असतो. त्या दिवसांत तो काही खात नाही, पण थव्याजवळ पडलेल्या कशावरही धावून जातो. म्हणून त्याला धरणं अगदी सोपं. ‘पिलांवरच्याला हात लावायचा नाही,’ असं आईने पाक उदांना सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. एकदा आह लेकने गंमत म्हणून अशा थव्यावर गळ फेकला, तेव्हा पाक उदांनी जाऊन त्याचा दोरा दातांनी तोडला आणि महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

सेमाहला साखरेचा आजार जुना. पावसाळ्यात एके संध्याकाळी ती ओसरीवर लवंडली होती आणि पायाशी डासांची वेटोळी उदबत्ती जळत होती. पाय उदबत्तीवर पडला. सेमाहला कळलंच नाही. ‘काहीतरी भाजल्याचा वास येतोय, तुम्ही काय लावलंय चुलीवर?’ असं तिनेच आतून येणाऱ्या नवऱ्याला विचारलं.

जखम करंगळीपाशी, नाण्याएवढी. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने ती दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा पाहून तो म्हणाला, ‘करंगळी काढू. आजच. नाहीतर वर चढेल.’

‘काय चढेल?’ पाक उदांनी विचारलं.

‘सड, पाक चिक,’ अनोळखी म्हाताऱ्याला म्हणतात तसं तो म्हणाला.

सेमाहने नवऱ्याकडे पाहिलं. पाक उदांनी डॉक्टरच्या गुळगुळीत हातांकडे पाहिलं. ‘विचार करून उद्या येतो,’ असं म्हणून ते तिला घरी घेऊन आले, आणि त्याच दिवशी काठी घेऊन तळ्यावर गेले.

सुरुवातीला सगळं त्यांच्या मनासारखं झालं. रोज एक मरळ. सेमाह नाक मुरडायची. नवऱ्याला ती अबांग म्हणायची.

‘मी काय मांजर आहे, अबांग? रोज मासा, रोज मासा. एखाद्या दिवशी म्याँव करीन.’

‘पी गुपचूप. मिरी जास्त घातलीय.’

‘मिरीनं काय होतंय? डोळे मिटले की तळ्याचा तळ दिसतो मला.’

जखमेवर खपली धरली. तोंड मिटलं. पाक उदा गल्लीभर सांगत फिरले. आग्नेस रोज पट्टी बदलायला जायची. नन्सनी शिकवलेलं ते एक काम तिच्या हातात बसलेलं होतं. खपलीच्या कडेला बोट दाबलं की आत काहीतरी हलतं, हे तिच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं. तिने पाक उदांना अंगणात बोलावलं.

‘पाक उदा, वरून मिटलंय. आत मिटलेलं नाही.’

‘मिस्सी, तुमचं पोट कापलं तेव्हा कुणाचा मासा खाल्लात?’

‘तुमचाच.’

‘टाके उसवले?’

‘नाही. पण टाके डॉक्टरांनी घातले होते.’

‘आणि सुकवले कुणी?’

आग्नेस आत गेली. ती पट्टी बदलत राहिली.

मग नगरपालिकेने कमळं काढली. शाळांच्या सुट्टीत पायांनी चालवायच्या हंसाच्या होड्या तळ्यात सोडायच्या होत्या, त्यांच्या चाकांत वेल अडकू नये म्हणून. दोन दिवसांत पाणी उघडं पडलं. त्या पाण्याला आता रंग दिसू लागला, काठाला चहासारखा आणि मध्ये काळा. बेडूक गेले. बेडूक गेले म्हणून बगळे गेले. मरळी कुठे गेल्या हे पाक उदांनाही सांगता येईना. ते उजाडायच्या आत जात आणि ऊन डोक्यावर आलं की परतत. बादली जाताना जितकी हलकी, तितकीच येताना.

‘झालं का, आटपलं तुमच्या मरळींचं?’ आह लेकने एकदा विचारलं, आणि त्यांचा चेहरा पाहून पुढचं वाक्य थर्मासच्या झाकणात गिळलं. मग तो म्हणाला, ‘मंडईतली घेऊन जा. तिला काय कळणार आहे?’

‘तिला नाही कळणार. जखमेला कळेल.’

खपलीखालून आता पाणी यायला लागलं होतं. करंगळी काळी झाली, मग तिच्या शेजारचं बोट, आणि पायाच्या वरच्या बाजूवर एक तांबूस रेघ घोट्याच्या दिशेने निघाली. पाक उदा खोलीत केवड्याच्या पातीचे चुरडलेले गुच्छ ठेवत, वास झाकायला. दुपारी सेमाहला थंडी वाजायची.

‘पंखा बंद करा.’

‘पंखा बंदच आहे.’

‘मग तळ्यावरून वारा येतोय,’ ती म्हणायची. दारं-खिडक्या लावलेल्या असायच्या.

मुलीचा पेनांगहून फोन आला की तो आग्नेसकडे यायचा, आणि पाक उदा जाऊन सांगायचे, ‘आई बरी आहे. जखमेचं तोंड मिटलंय.’ खोटं बोलताहेत असं त्यांना वाटत नव्हतं. मरळ मिळत नाही तेवढंच चुकतंय, एक मिळाली की गाडी पुन्हा रुळावर येईल, असा त्यांचा पक्का हिशेब होता. सेमाह मात्र भिंतीकडे तोंड करून निजायला लागली होती. एकदा पट्टी बांधून झाल्यावर तिने आग्नेसचा हात धरून ठेवला.

‘मिस्सी, माझी आई कशानं गेली तुला ठाऊक आहे?’

‘नाही.’

‘पायानं. असंच. शेवटी तिला आमची नावं येईनात. मला अजून जायचं नाही गं. पाय जाऊ दे, पण मला राहायचंय.’

‘मग त्यांना सांग ना.’

‘सांगितलं. ते म्हणतात, उद्या मिळेल.’

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी पाक उदांना थवा दिसला.

पाण्यातून वर आलेल्या पन्हाळीच्या काळ्या खांबांपाशी, जिथे होडीवाल्यांना वेल उपटायला जमलं नव्हतं, तिथे पाणी रटरटत होतं. तांबडं, टोपलीएवढं. बसलं, पुन्हा उठलं. पाक उदा काठावर उभे राहून बघत राहिले. काठावरून काठी तिथवर पोचणार नव्हती. त्यांनी सारोंग कंबरेला खोचला आणि पाण्यात उतरले.

‘पाक उदा!’ बाकावरून आह लेक ओरडला. ‘पुढे खोल आहे!’

‘मला सांगतोस?’

गुडघे गेले, मांड्या गेल्या. तळाच्या चिखलात त्यांचा पाय जुन्या खाणीची कड शोधत होता. कड सापडली. पुढे काहीच नव्हतं. तिथून येणारं पाणी पायांना बर्फासारखं लागत होतं. एका हाताने त्यांनी खांब धरला. लाकूड मऊ झालं होतं, बोटं आत रुतली. बेडूक मिळालाच नव्हता, म्हणून गळाला लाल चिंधी बांधली होती. चिंधी थव्याच्या मधोमध पडली.

थांबावं लागलंच नाही. काठी वाकली, दोरा खांबाला घासून किंचाळला, आणि पाक उदांचा एक पाय कडेवरून सुटला. क्षणभर ते एका हाताने त्या कुजक्या खांबाला लटकलेले होते आणि खालून काहीतरी त्यांना आत ओढत होतं. मग पाय परत कडेवर आला. त्यांनी दोरा मनगटाला गुंडाळला आणि ओढला. हातभर लांब, काळपट, पोटाकडे पांढरा नर. तो त्यांच्याकडे बघत होता असं नंतर ते म्हणाले. पण माशाचे डोळे तसेच असतात.

ते काठाकडे वळले तेव्हा थवा त्यांच्या मागे आला.

पिलांना मोठी काळी सावली हवी असते, तिच्याखाली ती राहतात. सावली कुणाची ते त्यांना कळत नाही. पाक उदांच्या मांड्यांभोवती, सारोंगाच्या भिजलेल्या कडेखाली, पोटऱ्यांमध्ये, तांबडी बारीक पिलं गोळा झाली. जुन्या जखमेच्या खळग्यात ती तोंडं टेकवत होती. ते थांबले की पिलं थांबत. ते चालले की चालत. पार घोटाभर पाण्यापर्यंत ती त्यांच्याबरोबर आली.

आह लेक उठून काठाशी आला होता. त्याने बादलीत पाहिलं, मग पाण्यात. मस्करी करायची त्याची सवय, पण त्या दिवशी त्याला ती जमली नाही.

‘माझा दोरा तोडला होता तुम्ही.’

पाक उदांनी मनगटाचा दोरा सोडवला.

‘बघा तिकडे,’ आह लेक हळूच म्हणाला. ‘चिलापी जमताहेत.’

उथळ पाण्यात करड्या पाठी एकेक करून वळत होत्या. पाक उदा पाण्याबाहेर पडले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही, पण आवाज ऐकू आला, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा.

कुंपणाच्या भगदाडातून ते आत आले तर घराचं दार सताड उघडं. सेमाहची गादी तशीच, उशीला खळगा तसाच. जमिनीवर पाण्याची परात आणि अर्धवट उलगडलेली पट्टी. अंगणातल्या मातीत मोटारीच्या चाकांचे खोल ठसे.

आग्नेस फाटकाशी उभी होती, हातात पर्स, पायांत चर्चला जायचे बूट.

‘सेमाह कुठाय?’

‘हॉस्पिटलची गाडी येऊन गेली.’

‘कुणी बोलावली?’

‘तिने. फोन माझा.’

पाक उदांनी बादली पुढे केली. ‘मला न विचारता? माझ्या बायकोला? मिस्सी, मी मरळ आणलीय! ही बघा! दोन दिवसांत...’

‘रेघ गुडघ्यापर्यंत आलीय, पाक उदा. पहाटे तिला माझं नाव आठवत नव्हतं. मग आठवलं, तेव्हा पहिलं हेच म्हणाली, फोन कर.’

‘तुम्ही...’

‘रागवायचं ते वाटेत रागवा. टॅक्सी कोपऱ्यावर उभी केलीय. बादली माझ्या मागच्या दारात ठेवा.’

वाटेत ते रागावले नाहीत. ओल्या सारोंगाचं पाणी टॅक्सीच्या गादीत मुरत होतं आणि टॅक्सीवाला आरशातून बघत होता. आग्नेसने माळ काढली आणि मणी ओढत बसली.

सेमाह हॉस्पिटलच्या लांब ओसरीत चाकांच्या खाटेवर होती. ओठ कोरडे, गाल लाल, पण नजर ठिकाणावर होती.

‘मिळाली?’

‘मिळाली.’

‘मोठी?’

‘हातभर.’

तिने त्यांच्या सारोंगाकडे पाहिलं. कंबरेपर्यंत भिजलेला, त्यावर हिरवा चिखल. चाळीस वर्षं त्यांचे सारोंग तिनेच धुतले होते. कुठल्या पाण्यात किती आत गेलं की डाग कुठवर येतो हे तिला कुणी सांगायला नको होतं, आणि इतक्या आत शिरून सहज हाती लागते ती कुठली मरळ, हेही.

‘पिलांवरची?’

पाक उदांनी मान खाली घातली.

‘तुमच्या आईनं पाहिलं असतं ना, तर काठी तुमच्याच पाठीत मोडली असती.’ ती हसायला गेली आणि तिला ठसका लागला. मग म्हणाली, ‘कागदावर अंगठा मी उठवलाय. गुडघ्याच्या वरून काढणार आहेत. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही उद्या म्हणाला असता.’

‘करंगळीच होती गं.’

‘हो. तेव्हा करंगळीच होती.’

तिला आत नेलं. पाक उदा भिंतीला टेकून उकिडवे बसले, दुपारच्या नमाजाची वेळ झाली तरी उठले नाहीत. शुक्रवारचा नमाज चुकल्याची ही त्यांची पहिली वेळ. बऱ्याच वेळाने तोच तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर मागचं काही बोलून दाखवायची इच्छा नव्हती, आणि पाक उदांना तेच जास्त लागलं.

‘वाचल्यात आत्ता तरी. रक्तात विष गेलंय. आजची रात्र आणि उद्याचा दिवस जाऊ दे, मग सांगतो.’

त्याच्यामागून एक वॉर्डबॉय आला. त्याच्या हातांत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, दोन ठिकाणी दोरीने बांधलेलं काहीतरी होतं, झोपलेल्या मुलाएवढं.

‘पाक चिक, तुमच्या लोकांत पुरतात ना? इथे सही करा. उजेड आहे तोवर उरका.’

पाक उदांनी ते दोन्ही हातांवर घेतलं. त्यांनी ज्या गोष्टी आयुष्यात उचलल्या होत्या त्यांपैकी हिचं वजन त्यांना सांगता येईना. ते वळणार तेवढ्यात वॉर्डमधली वयस्कर नर्स, डोक्यावरचं कापड सारखं करत, त्यांच्या मागोमाग आली. आपलंच माणूस समजून तिने आवाज खाली केला.

‘पाक चिक, दोन-तीन दिवसांनी त्या खायला लागल्या ना, की मरळ द्या हो. मंडईतली नको, तळ्यातली बघा. मोठी जखम आहे. टाके लवकर सुकतात.’

आग्नेसने पुढे होऊन ‘बरं, बरं’ म्हटलं आणि त्यांना कोपराला धरून बाहेर आणलं.

टॅक्सीत ते पांढरं गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी एक हात त्याखाली आणि एक वर ठेवला होता, खड्डा आला की वरचा हात घट्ट व्हायचा. कबरस्तानाच्या कोपऱ्यात, आपल्या आईच्या कबरीजवळ, त्यांनी स्वतः खणलं. मशिदीचा माणूस मदतीला आला होता, त्याला त्यांनी फावडं दिलं नाही. आग्नेस फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिली. खड्डा फार खोल झाला तरी ते खणतच होते. शेवटी त्या माणसाने ‘बस, पाक उदा, बस,’ म्हणून त्यांचा दंड धरला.

अंधार पडायच्या सुमाराला ते आग्नेसच्या मागच्या दारात येऊन उभे राहिले. बादलीतला नर तळाशी वेटोळं करून पडला होता, कल्ले संथ हलत होते. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, बादलीत तर आठवडाभरही राहील.

‘त्या नर्सनं काय सांगितलं, ऐकलंत ना, मिस्सी?’

‘ऐकलं.’

‘ती बाई रोज जखमा बघते.’

‘हो.’

‘मग मरळ ठेवू, की परत सोडू?’ त्यांनी तळ्याकडे पाहिलं. हंसांच्या दोन पांढऱ्या होड्या काठाला बांधलेल्या होत्या आणि बाकी पाणी एकसारखं काळं होतं. ‘सोडून तरी कुणाकडे जाणार? तिथे आता काही नाही.’

आग्नेसने दिवा लावला. ‘तुम्ही सांगा, पाक उदा. या वेळी तुम्हीच सांगा.’

ते बादलीपाशी उकिडवे बसले. मग उठले, हात सारोंगाला पुसले, आणि तारेच्या कुंपणाकडे न जाता पुढच्या दाराने हॉस्पिटलच्या रस्त्याला लागले.

शुक्रवार, १४ मार्च १९८६
सेमाहचं ऑपरेशन झालं, उजवा पाय गुडघ्याच्या वर. अजून शुद्धीवर नाही. पाक उदा रात्री तिथेच थांबणार आहेत. पेनांगला फोन लावला, मुलगी पहाटेच्या बसने निघते आहे. संध्याकाळी थोडा पाऊस. मागच्या दारातल्या बादलीवर फळी ठेवली आणि फळीवर वरवंटा; मासा उडी मारतो.